मगरीचं मुंडकं

हेस्टर सॅमवेजला सहलीला येणाऱ्या पाहुण्यांचा तिटकारा होता, आणि इंग्लंडातल्या चारमथच्या किनाऱ्यावर उन्हाळाभर पाहुण्यांशिवाय दुसरं असतं काय? जीवाश्मांचा ठेला मांडून पोट भरणारी बाई, पण गिऱ्हाइकावर अशी खेकसायची की समोरचा हातातला शंखदगड ठेवून पळ काढायचा. "ओ टोपीवाले! कड्याखालून निघा! डोक्यात दरड पडली की येतील मग बोंबलत!" कडा रोज थोडाथोडा ढासळतो, तेव्हा निम्म्या शिव्या तरी रास्त होत्या म्हणा.

पण तिचं हाडवैर होतं ते पाठच्या भावाशी, विल्फशी. किनाऱ्याचा रिवाज असा, की सापडलेला दगड एकट्याला उचलेना, तर त्यावर आपला हातोडा ठेवून माणसं आणायला जायचं. हातोडा दिसला की दुसरा कोणी बोट लावत नाही. एका हिवाळ्यात मोठी दरड कोसळली आणि तिच्यात मगर निघाली. मगर आपली गावाच्या बोलीतली. खरं म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, दगड झालेला समुद्री सरडा. हेस्टरने धडावर हातोडा ठेवला. त्याच सकाळी दरडीच्या पलीकडून येऊन विल्फने मुंडक्यावर ठेवला. जनावर एक, हातोडे दोन! "चोर मेला!" ती म्हणाली. "हावरट!" तो म्हणाला. झालं. धड तिच्या शेडमध्ये, मुंडकं त्याच्या, आणि बोलणं बंद. आईच्या अंत्यविधीलाही दोघं चर्चच्या दोन टोकांना बसली.

आता विल्फचे गुडघे गेले होते. घर विकून तो मुलीकडे एक्सेटरला निघालाय, हे हेस्टरला बेकरीत कळलं आणि तिच्या जिवाला घोर लागला. मुंडकं कायमचं जाणार! मरायच्या आधी एकदा ते जनावर सबंध जोडलेलं बघायचं, एवढीच तिची इच्छा होती. पण मागायचं? त्याच्याकडे? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी.

निघायच्या आदल्या दिवशी विल्फ एकचाकी गाडा ढकलत, धापा टाकत किनाऱ्यावर आला. तिच्या ठेल्यासमोर त्याने मुंडकं गोट्यांवर उतरवलं. हातोडा काही ठेवला नाही. थोडं दूर जाऊन पाठमोरा उभा राहिला. रिवाजाप्रमाणे ते आता बेवारस. हेस्टरने नुसतं जाऊन आपला हातोडा टेकवायचा होता.

तिने हातोडा उचललाही. मग मनात म्हणाली, जन्मभर हिणवेल मेला, माझं टाकलेलं उचललं म्हणून. ती जागची हलली नाही.

तेवढ्यात बर्मिंगहॅमची एक बाई चिप्स खात आली आणि खुशाल त्या मुंडक्यावर बसली.

"ए बये, ऊठ! मगरीच्या डोक्यावर बूड टेकलंस!" हेस्टर किंचाळली.

बाई ताडकन उठली. तिच्या नवऱ्याने वाकून पाहिलं. "अगं, दात आहेत याला! आजी, तुमचं का हे?"

विल्फ आता वळून टक लावून बघत होता. ते पाहून हेस्टरचं डोकं फिरलं. "माझं नाही. त्या म्हाताऱ्याला विचारा."

"माझं असतं तर हातोडा नसता का ठेवला?" विल्फ गुरगुरला. "ज्याला हवं त्याने न्यावं!"

"मग आम्ही नेलं तर चालेल?"

हेस्टर पाठ फिरवून ठेल्यावरचे शंखदगड पुसू लागली. 'नको' एवढा एक शब्द पुरला असता. नवरा-बायकोने हाशहुश्श करत मुंडकं विल्फच्याच गाड्यात चढवलं, "गाडा आणून देतो हं लगेच" म्हणाले आणि वाहनतळाकडे निघाले.

"थांबवायचं होतंस!" इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली.

"तुझ्यासाठी आणलं होतं, गधडे!"

"मग तोंडाने सांगायला काय धाड भरली होती?"

"आणि तुला मागायला?"

नवरा रिकामा गाडा घेऊन परत आला. मुंडकं अजून वर वाहनतळावर, त्याच्या मोटारीतच होतं. "फार दिलदार माणसं हो तुम्ही," तो म्हणाला. हेस्टरने विल्फकडे पाहिलं, विल्फने हेस्टरकडे. नवरा निरोपाचा हात जोरजोरात हलवत निघून गेला.

"बघतोस काय! सांग ना त्याला!" हेस्टर ओरडली.

"तू सांग!"

तोवर पाहुण्यांची मोटार चढ चढून मोठ्या रस्त्याला लागली होती.