ताईंच्या पर्समधलं दाभण

डॉ. विशाखाताई रामटेके यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते नरखेडच्या एसटी स्टँडवर. भर दुपारी त्या बाकावर बसून, हातात जाड मोजे घालून, एका रिकाम्या निळ्या कॅनला दाभणाने भोकं पाडत होत्या. पोती शिवायचं असतं ते दाभण. मी नागपूरच्या कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवायला नुकताच लागलो होतो. विभागातल्या ज्येष्ठ प्राध्यापिकांना स्टँडवर भेटा आणि त्यांच्यासोबत गावात जा, एवढंच मला सांगितलेलं होतं. त्या प्राध्यापिका ह्याच असतील, असं मला वाटलंसुद्धा नाही.

कंडक्टर जवळ आले आणि हळहळले. "काहून फोडून राहिल्या जी बाई? चांगली मजबूत कॅन हाय. मले द्या, पाण्याले होईल."

"पाण्याले होते, म्हणूनच फोडून राहिली भाऊ," ताई म्हणाल्या.

एवढ्या एका वाक्यात मला माझा अख्खा अभ्यासक्रम मिळाला. कीटकनाशकाची कॅन जाड असते, झाकण घट्ट असतं, धरायला कडी असते. रिकामी झाली तरी ती टाकून द्यायला कोणाचं मन धजत नाही. मग तिच्यात रॉकेल जातं, तेल जातं, शेवटी पिण्याचं पाणी जातं. कॅन रिकामी झाली की तीनदा विसळायची, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं आणि कॅनला भोकं पाडून ती कायमची निकामी करायची, हा ताईंचा मंत्र. तो त्यांनी शेतकऱ्यांना, विद्यार्थ्यांना, सरपंचांना आणि एकदा तर लग्नात नवरदेवालाही ऐकवला आहे.

ताईंच्या कामाचा पसारा केवढा म्हणून सांगू. संत्र्याच्या बागेत बहार फुलला असताना फवारणी करू नका, हे सांगत त्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून बागा हिंडल्या. "कीड मेली का ते सारेच वाकून पाहतात, मधमाशी मेली ते कोणी पाहत नाही," असं त्या वर्गात म्हणत, आणि मग विद्यार्थ्यांना खरोखर झाडाखाली वाकायला लावत. फवारलेल्या कपाशीत दुसऱ्या दिवशी निंदायला उतरणाऱ्या बायांची डोकेदुखी, मळमळ, हातांची आग त्यांनी बांधावर बसून ऐकली. "उन्हाचं हाय जी," असं बाया म्हणायच्या. उन्हाच्या नावावर काय काय खपतं, हे ताईंनीच आम्हाला दाखवलं.

पण ताईंची खरी परीक्षा मी पाहिली ती एका हरिनाम सप्ताहाच्या समाप्तीला. नरखेड तालुक्यातलं ते गाव फार मिनतवारीने आमच्या प्रशिक्षणाला तयार झालं होतं. यजमान बापूरावजी. त्यांचा शब्द गावात कोणी मोडत नसे. महाप्रसादाला त्यांनी ताईंना आग्रहाने बोलावलं होतं. पंगतीत पहिली रांग लेकरांची होती. पानं वाढून झाली आणि विहिरीतून दोराने मठ्ठा वर आला. थंड राहावा म्हणून तो सकाळपासून पाण्यात सोडला होता. घागर उघडी असते, तिच्यात बेडूक पडेल. म्हणून घट्ट झाकणाच्या दोन-तीन निळ्या कॅनमध्ये.

त्या कॅन कशाच्या, ते मी ओळखलं. ताई सरळ बापूरावजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "हा मठ्ठा वाढू नका."

"ताई, देवाचा प्रसाद हाय. एकेक कॅन राखेनं घासली, उन्हात वाळवली. आणखी का करावं माणसानं?"

सारं गाव बघत होतं. इथे बापूरावजींचा अपमान झाला असता, तर आम्हाला त्या गावचा रस्ता बंद होता. ताईंनी आवाज चढवला नाही. तशीच घासून ठेवलेली एक रिकामी कॅन बाजूला होती. त्यांनी चुलीवरचं उकळतं पाणी तिच्यात ओतवून घेतलं, झाकण लावलं, जरा वेळाने उघडलं आणि नुसतं बाजूला सरकून उभ्या राहिल्या. कोणाला नाक जवळ न्यावंच लागलं नाही.

बापूरावजींचा चेहरा उतरला. "हा वास मले माहीत हाय," ते म्हणाले. "फवारा मारला का दोन दिवस अंगातून जात नाही."

"प्लॅस्टिक औषध पिऊन बसते, दादा. ते धुतल्यानं निघत नाही. अन् वास नसता आला तरी मी हेच म्हटलं असतं. बिनवासाची विषं काय कमी हायेत?"

"पंगतीले मठ्ठा नाही म्हटलं तं गाव का म्हणन?" कोणीतरी मागून कुरकुरलं.

"गाव काही म्हणू दे," बापूरावजी म्हणाले, "लेकरं बसली हायेत." आणि त्यांनी लेकरांच्या रांगेसमोरून कॅन स्वतः उचलल्या आणि खड्ड्यात रित्या केल्या. लगेच ताई लेकरांच्या रांगेत मांडी घालून बसल्या. "माझं भांडण डब्याशी हाय, अन्नाशी नाही. वरण वाढा," म्हणाल्या आणि पोटभर जेवल्या. गाव तिथेच आपलं झालं.

ही करारी बाई घरात किती मऊ आहे, ते मी अनुभवलं आहे. आमची मुलगी तान्ही असताना मनीषनगरच्या आमच्या इमारतीत वाळवीची फवारणी ठरली. ताईंना कळताच त्या रिक्षा घेऊन दारात हजर. माझ्या पत्नीला आणि बाळाला त्यांनी बेसाच्या आपल्या घरी नेलं, आणि बारसंही तिथेच उरकलं. बाळंतिणीचे लाडू ताईंनी स्वतः वळले होते. ते दगडासारखे झाले होते, हेही या गौरवग्रंथात नोंदवून ठेवतो.

यंदाच्या संक्रांतीला बापूरावजींच्या सूनबाई मंदाताईंनी आम्हाला गावी बोलावलं. अंगणात हळदीकुंकू चाललेलं. ताई बौद्ध घरातल्या. हा आपला कार्यक्रम नव्हे, म्हणून त्या दाराशीच थांबल्या. मंदाताई धावत आल्या. "कुंकवाचं राहू द्या ताई, वाण तं घ्या." तिळगुळासोबत त्यांनी ताईंच्या हातावर एक नवंकोरं दाभण ठेवलं. मी अंगणात पाहिलं, तर आलेल्या प्रत्येक बाईच्या हातात दाभण होतं. "आता कोणाच्या घरी साबूत कॅन दिसली तं सांगजा," मंदाताई म्हणाल्या. ताईंनी ते दाभण जपून पर्समध्ये ठेवलं. त्या डोळे पुसत राहिल्या, आणि मीही.

ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. नागपूरच्या उन्हाने त्यांना आजवर हरवलं नाही, पुढेही हरवू नये. त्यांनी शंभरी सहज गाठावी आणि आमच्या घरी येऊन माझ्या मुलीच्या हातचे लाडू खावेत. एवढंच मागणं आहे: ताई ठणठणीत राहोत, आणि काम न उरल्यामुळे त्यांच्या पर्समधलं दाभण मात्र गंजून जावो.