सासऱ्यांचं कलिंगड

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, पण उदाहरणं मला रोडपालीच्या घरीच मिळतात. माझे सासरे उरणकडचे, मिठागरावर वाढलेले. परवा त्यांनी पळस्प्याहून कलिंगड आणलं, दहा कलिंगडांना टिचक्या मारून स्वतः निवडलेलं. कापलं तर आत पांढरंफटक. लगेच म्हणाले, "माला ठावं होतं."

मग आणलंत कशाला, हा प्रश्न मी गिळला आणि वर्गात सांगते तसं सांगितलं, "बाबा, एखादी गोष्ट घडून गेली की ती आपल्याला आधीच माहीत होती असं वाटायला लागतं. त्याला हाइंडसाइट बायस म्हणतात."

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग फोड बाजूला सारत म्हणाले, "याला कायतरी नाव आसनार, ते माला ठावं होतं."