दिव्याखालची धसकटं

आमच्या वस्तीत वीज आली ती एकाच खांबावरच्या दिव्यापुरती. खांब रोवला थोरल्या दिरांच्या भातखाचराच्या बांधावर, कारण आम्हा बायांची परसाकडची वाट तिथूनच जायची. त्याच वाटेवर आदल्या साली अंधारात मला फुरसं चावलं होतं. वाचले, पण पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत. त्या दिव्याचं मला कौतुक नव्हतं, गरज होती.

भात कापून झालं आणि ऐन थंडीत दिव्याभोवती पिवळट पाखरं घिरट्या घालू लागली. ती खोडकिड्याची, हे सगळ्यांनीच ओळखलं. दिरांनी चावडीवर विषय काढला: दिव्यानं कीड बोलावली, पुढच्या साली भात पोचट होणार, दिवा काढा. माना डोलल्या. बायांना कुणी विचारलं नाही.

मी विळा घेऊन खाचरात उतरले. दिवस आखडले की खोडकिड्याची अळी कापणीनंतर उरलेल्या धसकटात शिरते आणि पावसापर्यंत निजून राहते, हे आमच्याकडे कुणालाही ठाऊक असतं. लांबच्या कोपऱ्यातली धसकटं चिरली, तर आत अळ्या गप्प पडलेल्या. दिव्याखालची चिरली, तर कोशांची नुसती रिकामी टरफलं. रात्रभरच्या उजेडात इथल्या अळ्यांना दिवस आखडल्याचं कळलंच नव्हतं. निजायचं सोडून त्या पाखरं होऊन उडाल्या होत्या, आणि अंडी घालायला शिवारात भाताचं पातं नव्हतं. सकाळी खांबाखाली मेलेल्यांचा सडा असे.

दोन्हीकडची धसकटं पाटीत भरून मी चावडीवर गेले. उजेडातल्या अळ्या निजल्याच नाहीत, हे सांगताना पदर डोक्यावर होता, आवाज मात्र खाली नव्हता.

दीर माझ्याकडे न बघता म्हणाले, “आता किडं बी हिला इचारून निजत्यात व्हय?”

लोक हसले. मी पाटी त्यांच्या पुढ्यात उपडी केली. “भावजी, जिती हायेत ती तुमच्या अंधारातली. पावसात उठून तीच भात खात्यात. उजेडातली कवाच मेली. चिरून बघा.”

त्यांनी दोन्हीकडची एकेक चिरून बघितली. मग बाईमाणसानं चावडी चढणं बरं न्हाई, एवढंच म्हणाले.

“काढा दिवा खुशाल,” मी म्हणाले. “उद्यापासनं आमी बाया परसाकडला हितंच येतो, चावडीम्होरं. हितं कंदील असतोय.”



दिवा राहिला. अंधाऱ्या कोपऱ्यातली धसकटं दिरांनी त्याच आठवड्यात उपटून जाळली. माझं नाव न घेता.