पालकांनी बाहेर बसावं

वहिनीचा फोन मी दोनदा कापला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. सकाळची वेळ, बँकेत माझ्या काउंटरवर ही गर्दी, आणि मला वाटलं, दादाच वहिनीच्या मोबाइलवरून फोन करतोय. त्याच्या नंबरवरून आला तर मी उचलत नाही, हे त्याला आदल्या दिवशी कळलंच होतं. विचारणार काय तेही मला पाठ होतं. ‘सांगितलंस का पोरीला?’ चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! तिसऱ्यांदा वाजला तेव्हा चिडून उचलला आणि म्हणाले, “सांगते रे बाबा, जरा श्वास घेऊ दे.” पलीकडे वहिनी होती. “वन्सं... ह्ये गेलं वो.” दादा दुकानाचं शटर वर करून आत गेला आणि खुर्चीत बसला तो बसलाच. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. सव्वा महिना होऊन गेला, पण मी अजून एका जागी धड बसू शकत नाही. भांडी घासता घासता मध्येच उठते, कशाला उठले ते आठवत नाही, परत येऊन बसते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सैन्यात कारकुनी करून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि कऱ्हाडशेजारच्या मलकापुरात त्यानं फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकलं. आत दोन कॉम्प्युटर, एक खोकणारा प्रिंटर, बाहेर पत्र्याखाली लांबलचक बाक. बारावीचा निकाल लागला की तिथं जत्रा. आणि त्या जत्रेत दादाचा एकच कायदा : पोरगं आत, आईबाप बाहेर बाकावर. एकदा एका गावचे सरपंच पोराशेजारी खुर्ची ओढून बसले, तर हा म्हणाला, “आवं, तुमी बाहीर बसा. कालेजात तुमी जानार हाय का ह्यो?” वर बाहेर त्यांना चहाही पाठवला. पोराला तो आधी कोरा कागद द्यायचा. कॉलेजं आणि शाखा स्वतःच्या हातानं लिहायच्या. मग एकेका नावावर बोट ठेवून विचारायचा, “ह्ये कुनाचं? तुजं का पप्पांचं?” पप्पांचं असेल तिथं टिंब. टिंबं फार झाली की “जा, उद्या ये,” म्हणून हा त्याला घरी पाठवायचा. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी दुसरा बघितला नाही. वहिनी करवादायची, पण त्याच्या कानावरून वारं.

आता यातली गंमत ऐका. माझा स्वतःचा फॉर्म यानंच भरला होता! मला गणित घेऊन बी.एस्सी. करायचं होतं, सांगलीला वसतिगृहात राहून. दादा तेव्हा सुट्टीवर आला होता. अण्णा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, “तूच बघ, आमाला काय कळतंय.” यानं खिशातलं पेन काढलं आणि कऱ्हाडच्या कॉलेजचा बी.कॉम.चा फॉर्म उभ्या उभ्या भरून टाकला. “बँकेत लागशील. घरच्या घरी,” म्हणाला. मी लागले बँकेत. वाईट काहीच झालं नाही. घर झालं, नोकरी झाली, लोक मान देतात. पण अजून कुणाच्या पोराची गणिताची वही दिसली की मी ती हातात घेते आणि मग ती हातातून सुटत नाही. बाहेरचा तो बाक माझ्यामुळं आला का रे दादा, असं मी त्याला कधी विचारलं नाही. दहा वेळा तोंडाशी आलं होतं. वाटलं, विचारू कधीतरी, पळून कुठं चाललाय!

माझी मुलगी ऋतुजा यंदा बारावी झाली. चांगले मार्क पडले आणि घरात रण माजलं. माझं म्हणणं, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. तिचं म्हणणं, भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. आमचं सासर आटपाडीचं. तिथं सासऱ्यांनी बोअर मारायच्या आधी तळहातावर नारळ ठेवून पाणी बघणारा बोलावला होता. नारळ उभा राहिला, बोअर मारली, नुसता फुफाटा वर आला. दुसरी मारली, तीच गत. सगळे कपाळाला हात लावून बसलेले आणि ही सातवीतली पोर बोअरमधून निघालेला चुरा डब्यांत भरत होती. किती फुटांवर कुठला रंग निघाला, ते प्रत्येक डब्यावर लिहून ठेवलं. ते डबे अजून आमच्या माळ्यावर आहेत. “खाली काय आहे ते कुणालाच माहीत नाही, आई, आणि सगळे भोकं पाडत सुटलेत,” असं तेव्हापासून चाललंय तिचं. मी म्हणायची, दगड बघून पोट भरत नाही. तिचे बाबा नेहमीप्रमाणे म्हणाले, तुम्ही दोघी बघा. नवरे या बाबतीत फार उदार असतात.

इंजिनिअरिंगसाठी तिची नावनोंदणी दादाच्या दुकानातच झाली होती. आपल्याकडं पोरांच्या कुठल्याही फॉर्मवर मोबाइल नंबर आईचा किंवा बापाचा असतो, तसा तिच्याही फॉर्मवर माझा होता. पुढं कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची वेळ आली तेव्हा मी तिला न घेता एकटीच दुकानात गेले आणि दादाला म्हटलं, भर. तो म्हणाला, “पोरगी कुटं हाय?” मी म्हटलं, “मी तिची आई आहे.” “मंग बाकावर बस.” भर दुकानात, चार लोकांसमोर! मी तरातरा निघाले ती थेट कऱ्हाडात, स्टँडजवळच्या दुसऱ्या दुकानात. ओटीपी माझ्याच मोबाइलवर येत होता, मग विचारायचं कुणाला? घराजवळचं कॉलेज आणि कॉम्प्युटर शाखा पहिल्या नंबरावर टाकली, यादी पक्की केली आणि येताना ऋतुजाच्या आवडीची भेळ घेऊन आले. तिनं ती मिटक्या मारत खाल्ली.

दादाला मी फोनवर सांगितलं, जिंकल्याच्या तोऱ्यात. तो चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, “पयला नंबर लागला तर सीट आपोआप पक्की हुती. नको म्हनली तर म्होरच्या फेऱ्यांतनं नाव जातंय. म्हाईत हाय का तुला?” मला माहीत नव्हतं. बँकेत लोकांना बारीक अक्षरातलं वाचून दाखवते मी, आणि इथं वाचलं नाही. “पोरीला सांग. आज सांग,” तो म्हणाला. मी म्हटलं, “तूच सांग, तुझं ऐकते ती.” त्यावर जे बोलला ते मला झोपू देत नाही. “म्या सांगितलं तर तू चोर ठरशील गं. तू सांगितलंस तर आईच ऱ्हाशील.” मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याचे चार फोन उचलले नाहीत. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा आला.

सुतकातच पहिल्या फेरीची यादी लागली. दादाच्या दहाव्यासाठी घाटावर उभी होते, पिंडाला कावळा शिवत नव्हता. लोक म्हणायला लागले, कसली इच्छा राहिली असेल, बोला काहीतरी, कबूल करा. भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, म्हणाला, दुकान चालू ठेवीन. वहिनी म्हणाली, पोरांचं बघीन. कावळा लांब लिंबावर बसून राहिला. तेवढ्यात माझ्या मोबाइलवर मेसेज आला : पहिला पसंतीक्रम मिळाला, अभिनंदन. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, खरंच नाही, पण त्या क्षणी मला वाटलं की सगळ्या घाटाला कळलंय. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही परतलो.

ऋतुजा मामासाठी रडून रडून सुजली होती. तिला कसं सांगू? आज नको, उद्या... असं करत सीट स्वीकारायचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी तिला घेऊन दुकानात गेले. आत वहिनी आणि भाचा फॉर्म भरत होते; पोरांच्या तारखा सुतकासाठी थांबत नाहीत. मी तिथंच, उभ्यानं, सगळं सांगून टाकलं. दुसरं दुकान, ओटीपी, भेळसुद्धा. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, “मामाला माहीत होतं?”

“हो.”

“मग तो मला का बोलला नाही?”

“मी सांगावं म्हणून थांबला होता,” मी म्हटलं आणि तिथं मला हुंदका आवरला नाही. दादा गेल्यावर पहिल्यांदा मी अशी रडले. वहिनीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. ऋतुजानं तो घेतला, मला दिला, आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. मी बाहेर येऊन बाकावर बसले. शेजारी तीन आया आणि एक आजोबा होते. प्रत्येक जण आत डोकावत होता, माझ्यासारखाच. मनात म्हटलं, सीट घेतली तरी चालेल, सोडली तरी चालेल, फक्त हिनं माझ्याशी बोलणं सोडू नये, दादा.

अर्ध्या तासानं ती छापलेला कागद घेऊन बाहेर आली. सीट सोडली होती. सांगलीच्या कॉलेजात भूशास्त्राच्या काही जागा शिल्लक होत्या, तिथला अर्ज भरला होता. मी कागद वाचायला चष्मा शोधत होते.

“आई, यावर मोबाइल नंबर माझा टाकलाय,” ती म्हणाली. “तुझा नाही.”

मी म्हटलं, “बरं केलंस.”