क्युसेकशी उभा दावा

जगातली निम्मी भांडणं फूट आणि इंचांमुळे होतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या सासरचा निघाला. हे माझे थोरले दीर. वालचंदनगरच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तयार भागांची मापं तपासण्यात गेली. निवृत्त होऊन बारामतीत आले, तेव्हा तपासायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी आमचं वर्तमानपत्र धरलं. आमचं म्हणजे माझं आणि नवऱ्याचं. चार पानांचं, बारामती-इंदापूरपुरतं. सकाळी ते लाल पेन घेऊन येत, शंभर मिलिलिटर चहा मागत आणि अंक तपासायला बसत. एकर-गुंठे दिसले की म्हणत, "सातबारा हेक्टर-आरमध्ये निघतो आणि तुम्ही अजून गुंठ्यातच." उसात सात फुटांचा बिबट्या दिसल्याची बातमी आली, तेव्हा त्यांनी वार्ताहराला फोन करून विचारलं, "मोजला कुणी? आणि एवढी हिंमत केलीच होती, तर मीटरची टेप नव्हती का?" वधू-वरांच्या जाहिरातीत एका मुलीची उंची त्यांनी परस्पर एकशेसाठ सेंटिमीटर करून टाकली. मुलीचे वडील इंदापूरहून आले. आकडा वाचून स्थळं बिचकतायत, लोकांना ते वजन वाटतंय, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी हे सगळं मनावर घेत नसे. पहिल्या पानावर मात्र त्यांना हात लावू देत नव्हते. त्यांचा खरा दावा तिथेच होता, धरणाच्या पाण्याशी. पावसाळ्यात वरून नदीत किती पाणी सोडलं ते आम्ही रोज क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट असं, छापतो. ब्रिटिश गेले आणि त्यांचे घनफूट आमच्या नीरेतून वाहतायत, हे दिरांना सोसत नसे. मी दोन्ही मापं द्यायची तडजोड सुचवली. "कंसात क्युसेक दिलं की लोक कंसच वाचतात," ते म्हणाले. शेवटी एका पावसाळ्यात नवरा कंटाळला आणि मी गावाला गेलेली असताना त्याने होकार दिला. दुसऱ्या दिवशी ठळक मथळा आला: नदीत सेकंदाला ५६६ घनमीटर विसर्ग.

नदीकाठच्या माणसाला क्युसेकचा अर्थ कुणी शिकवलेला नाही, पण किती हजारांना पाणी कुठल्या दगडाला लागतं आणि काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी कधी वर काढायच्या, हे तो आकड्यावरून ठरवतो. आदल्या दिवशी आम्ही आठ हजार छापलं होतं. सासऱ्यांचे चुलतभाऊ, आमचे तात्या, नदीवर शेती करतात. ते दोर घेऊन मोटार काढायला निघालेले, अंक बघून घरी परतले. क्युसेकमध्ये तो आकडा होता वीस हजारांचा. दुपारी मोटार पाण्याखाली गेली, शेजारच्यांच्याही गेल्या.

पाणी ओसरल्यावर दीर तिकडे गेले, मीही गेले. ते पँट दुमडून चिखलात उतरले आणि इतरांबरोबर दोर ओढायला लागले. तात्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "आठ हजाराचं पाचशे झालं, मला वाटलं उतरलं पाणी. माझं चुकलं व्हय?" दीर म्हणाले, "नाही तात्या. आकडा बरोबर होता, आणि तुमचंही बरोबर होतं."

दीर अजूनही येतात. फुटांवरून भांडतात, इंचांवर लाल रेघ मारतात. पाण्याच्या बातमीवरून मात्र पेन न टेकवता नजर फिरवतात. विसर्ग वाढला की छपाईची वाट न बघता आमच्याच कचेरीतून तात्यांना फोन लावतात. परवाही लावला. "तात्या, पंचवीस हजार क्युसेक. मोटार काढा." क्युसेक हा शब्द ते नीट, स्पष्ट उच्चारतात.

फोन स्पीकरवर होता. तात्या म्हणाले, "काढली की सकाळीच." मग जरा थांबून, "आन् तुझ्या त्या मापात किती झालं रं?"

"सातशे आठ," दीर म्हणाले.

"बरं हाय," असं म्हणून तात्यांनी फोन ठेवला. मी दिरांपुढे चहा ठेवला, किती मिलिलिटर ते त्यांनी विचारलं नाही.