आईने बांधलेली पट्टी

आईने माझ्या पत्नीचे पोट बांधले, तेव्हा मी शाळेत शिकवत होतो. मंगळवार होता.

त्याआधी चार दिवस आम्ही धुळ्याहून म्हसावदला परत आलो होतो. महाराष्ट्र होऊन दोनतीन वर्षे झाली असतील. जठरातल्या व्रणामुळे दोन वर्षे पत्नीच्या पोटात अन्न ठरत नव्हते. शेवटी डॉक्टरांनी जठराचा अर्धा भाग कापून काढला, टाके निघेपर्यंत तिला ठेवून घेतले आणि घरी सोडताना एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या. जखमेला तेल-पाणी लावू नये. शेकू नये. आवळून काही बांधू नये. लाली, ऊब किंवा पू दिसल्यास त्याच दिवशी घेऊन यावे.

घरात वाचता येणारा मी एकटाच होतो. पण जखम पाहणे माझ्याकडे नव्हते. वडीलधारे घरात असताना नवरा दिवसा बायकोच्या खाटेजवळ बसत नसे, तिचे उघडे अंग पाहणे तर दूरच. तेव्हा मी उंबऱ्याबाहेर उभा राहून कागद वाचायचा आणि आत आईने पाहून सांगायचे, अशी रीत पडली. ती कोणी ठरवली नव्हती.

"लाल दिसस का?"

"नही."

"ऊब लागस का?"

"ऊब तं ऱ्हाईच ना. जित्तं मानूस शे ती."

मग मी शाळेत जाई.

खाणे बंद पडून पत्नी इतकी वाळली होती की पोटाची कातडी सैल होऊन लोंबत असे. त्या सैल कातडीवरून बेंबीपर्यंत टाक्यांचा वण उतरला होता. आईने पाच मुले जन्माला घातली होती आणि अर्ध्या गल्लीची बाळंतपणे केली होती. असे पोट तिच्या ओळखीचे होते. तिने जुन्या लुगड्याची पट्टी फाडून ते बांधले. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली. कोमट एरंडेल वणाच्या कडेने चोळले. हे सगळे तिने मायेने केले. त्या दिवसांत ती नीट जेवलीही नाही. माझा कागद ती रोज ऐकत होती, पण तिच्या मते तिने आवळलेच नव्हते. बाळंतिणीला बांधतात तेवढेच बांधले होते. शेकाने कातडी लाल होतेच, तेव्हा ती लाली कागदातली नव्हे, असेही तिला वाटले असावे.

शनिवारी सकाळची शाळा. मी घरी आलो तेव्हा आई ओसरीवर शेजारणीशी बोलत होती. आतून पत्नीने हाक मारली. ती कधी मला हाक मारत नसे.

"मायले सांगा ना जरा," ती म्हणाली. "आवळ व्हस. आत जळी ऱ्हायनं."

मी दोन पावले आत गेलो आणि पट्टी पाहिली. मागोमाग आई आली, तिच्यामागे शेजारीण.

"माय, हाई सोड. कागदमा नही सांगेल शे."

"तुन्हा कागदले कितला पोरे व्हयनात?" आई म्हणाली. "माले शिकाडस का?"

शेजारणीने तोंडाला पदर लावला. "मास्तर, शाया सोडी बायकोनं पोट देखाले उनात का?"

दोघी हसल्या. पत्नीने चेहरा भिंतीकडे वळवला. मला लाज वाटली. मी बाहेर आलो आणि दुपारभर मुलांच्या वह्या तपासल्या. पट्टी सुटली की नाही, हे मी विचारले नाही.

सोमवारी तिला ताप भरला. ती बरळू लागली तेव्हा मी आईला बाजूला करून पट्टी स्वतः सोडली. वण मी पहिल्यांदाच पाहत होतो. भोवतालची कातडी काळसर लाल होऊन चकाकत होती. खालच्या टोकाला तो दोन बोटे उकलला होता आणि तिथून पू येत होता.

दुपारच्या मोटारीने धुळे गाठले. डॉक्टरांनी विचारले, "हे कोणी बांधलं?"

मी म्हणालो, "घरच्यांनी."

"दोन दिवस आधी आणायला हवं होतं."

दोन दिवस आधी शनिवार होता. बुधवारी ती वारली.

आईने मला कारण विचारले. ऑपरेशन सोसले नाही, असे मी सांगितले. ती सुनेसाठी महिनाभर रडली आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला म्हणाली, "पोट कापं का मानूस गयं." मी शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसलेला असे. मला ऐकू येई.

पुढे त्याच शेजारणीच्या पोटात गाठ झाली. धुळ्याला जायचे तिने नाकारले. तिच्या मुलांनी हात जोडले तेव्हा, त्या घरची सून पोट कापूनच गेली ना, म्हणून तिने आमच्या दाराकडे बोट दाखवले. तेव्हा उठून चार वाक्ये बोलता आली असती. आई ओसरीवर बसली होती. मी बोललो नाही.

शेजारीण त्या वर्षी गेली. आई त्यानंतर पुष्कळ वर्षांनी गेली, सुनेचे आपण सगळे केले या समाधानात. माझी पत्नी कशाने गेली हे माहीत असलेला गावात आता मी एकटा आहे.