एल्सा टीचरांचा भरतीचा धडा

एल्सा टीचर उत्तनच्या. भाईंदरच्या एका मराठी शाळेत सहावीला विज्ञान शिकवायच्या. चंद्राच्या कला त्यांनी कधी फळ्यावर काढून दाखवल्या नाहीत. खिडक्यांवर चादरी बांधायच्या, वर्गाच्या मधोमध बल्ब लावायचा आणि प्रत्येक पोराच्या हातात काडीला खोचलेला थर्माकोलचा चेंडू द्यायचा. बल्ब म्हणजे सूर्य, चेंडू चंद्र आणि आपलं डोकं पृथ्वी. हात लांब धरून सावकाश गोल फिरलं की चेंडूवर कोर उगवायची, वाढायची. पोरं ओरडायची, "टीचर, माझी पौर्णिमा झाली!"

त्यांचा नवरा आर्थर मासेमारीला जायचा. गेल्या वर्षी गणपतीनंतर समुद्र अचानक खवळला आणि त्याची बोट उलटली. बरोबरचे दोघं वाचले. आर्थर सापडलाच नाही.

काही आठवड्यांनी एल्सा टीचर शाळेत परतल्या, तेव्हा नेमका हाच, चंद्राचा आणि भरती-ओहोटीचा, धडा आला होता. मुख्याध्यापिका निशिगंधा मॅडम म्हणाल्या, "हा मी घेते. तुम्ही राहू द्या."

"नको मॅडम. शिकवलं नाही तर दिवसभर करू काय?"

चादरी बांधल्या, बल्ब लागला. पोरांनी चेंडू बल्बच्या दिशेने धरले.

"ही अमावास्या. सूर्य आणि चंद्र एकाच बाजूला आले, दोघांची ओढ एकत्र झाली. म्हणून समुद्राला उधाण येतं."

शांती नगरमधून नवीन आलेल्या अनुष्काला काहीच ठाऊक नव्हतं. तिने विचारलं, "टीचर, मग समुद्रात गेलेलं सगळं किनाऱ्यावर परत येतं?"

"सगळं नाही गं," एवढंच त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसून रडू लागल्या. पोरं हातातले चेंडू तसेच धरून उभी राहिली.

घरी तर सासूबाई रोज तेच विचारायच्या. आयरिनबाईंनी मुलासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, ठेवू दिली नव्हती. "तुला तं समदं ठावं हाय, एल्सा. माजा आर्थर कंच्या भरतीला येल, सांग."

"आई, ते नाही सांगता येत."

मग प्रत्येक उधाणाला दोघी किनाऱ्यावर जायच्या. ओल्या वाळूत जाळ्याचे तुकडे, चपला, बाटल्या पडलेल्या असायच्या. आयरिनबाई प्रत्येक चप्पल उलटून बघायच्या. एल्सा फक्त सासूबाईंचा हात धरून चालायच्या.

पावसाळ्याच्या तोंडावर, एकदा परतताना, आयरिनबाई वाळूतच खाली बसल्या. "फादरना सांग," त्या म्हणाल्या. "आता न्हाय होत माज्यानं."

मिस्सेला सगळं गाव आलं. शवपेटी नव्हती, आर्थरचा फोटो तेवढा होता. नंतर लोक सवयीने कबरस्तानाकडे वळले आणि फुलं हातात घेऊन थांबले, कारण ठेवायची कुठे ते कुणालाच कळेना. शेवटी एल्सांनी ती सासऱ्यांच्या कबरीवर ठेवली. आयरिनबाई हलेनात. ऊन तापायला लागलं, तेव्हा एल्सांनी आपला रुमाल त्यांच्या डोक्यावर धरला आणि शेजारीच उभ्या राहिल्या.